दुऐजच्या सहाशे मेंढ्या

माझा धाकटा भाऊ दुऐज याच्याकडे एक अब्ज दहा कोटी दिनार होते. हे मी नाही म्हणत, तो म्हणायचा. रोज संध्याकाळी त्याच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या दालनात, गाद्यांवर रेलून चाळीस-पन्नास रिकामटेकडे पुरुष कॉफी पीत बसायचे आणि तो आकडा ऐकून माना डोलवायचे. फुकटची कॉफी मिळत असली की कुणाचीही मान डोलते.

त्याआधी हा विमानतळावरच्या हवामान खात्यात कारकून होता. धुळीचं वादळ दारात येऊन उभं राहिलं तरी ह्याला पत्ता नसायचा, असं त्याच्या साहेबांनी मला स्वतः सांगितलंय. आणि ब्याऐंशी साली हाच माणूस कुवेतभर लोकांना, पुढच्या वर्षी कुठला भाव कुठे जाणार ते सांगत फिरत होता. लोक ऐकतही होते! मी मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, बावीस वर्षं गणित शिकवलेली. माझं कुत्रंही ऐकत नव्हतं.

ह्याचा धंदा काय होता ते सांगते. फार डोकं लागत नाही, नाही तर ह्याला जमला असता का? जिथे पूर्वी उंटांचा बाजार भरायचा तिथे एक वातानुकूलित इमारत उभी राहिली होती आणि तिच्यात शेअर विकले जायचे. कसल्या कंपन्यांचे? कुठे तरी वाळूत पाटी ठोकली की झाली कंपनी. एक कोंबड्यांची कंपनी होती, तिच्यात औषधाला कोंबडी नव्हती. दुऐज सकाळी शंभर दिनारचा शेअर घ्यायचा. रोख द्यायचा नाही, वर्षभर पुढची तारीख टाकून दोनशेचा चेक द्यायचा. दुपारी तोच शेअर दुसऱ्याला विकायचा आणि त्याच्याकडून तसाच पुढच्या तारखेचा तीनशेचा चेक घ्यायचा. संध्याकाळी घरी येऊन सांगायचा, आज शंभर कमावले. ते शंभर कुणी डोळ्यांनी पाहिले? कुणीच नाही.

आमच्या कायद्यात चेकवर तारीख कुठलीही असो, बँकेत दाखवला की बँकेने त्याच दिवशी पैसे द्यायचे. पण तारखेआधी चेक बँकेत नेणं म्हणजे भर दिवाणियात समोरच्याच्या तोंडावर थुंकणं. भल्या घरचा माणूस ते करत नसे. तो सगळा बाजार ह्या एका शिष्टाचारावर उभा होता.

आणि मी काय केलं? माझा नवरा वारला तेव्हा त्याच्या खात्याने दिलेले पंचवीस हजार दिनार ह्याच दुऐजच्या हातावर ठेवले आणि त्याने दिलेला डिसेंबरचा पन्नास हजारांचा चेक कपाटात कुलपात ठेवला. बावीस वर्षं गणित! चुलीत गेलं ते गणित. पुढे मी कुणाकुणाला मूर्ख म्हणणार आहे, त्यात मीही आहे हे आधीच सांगून ठेवते.

आता माझ्या मुलाचं ऐका. मशारी वीस वर्षांचा. मामाने त्याला लाल अमेरिकन गाडी दिली होती, तिच्यात बसला की त्याला जमीन दिसायची नाही. जुलैत एका दुपारी जहराच्या रस्त्यावर पाण्याचा टँकर कडेला उभा होता आणि त्याचा ड्रायव्हर खाली वाकून चाक बदलत होता. मशारीने त्याला उडवलं आणि पळून आला. हे त्याच्या आईच्या तोंडूनच ऐका. थांबला नाही, पळून आला, आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन थंड पाणी प्यायला. तासाभरात पोलिस दारात होते. मीच दार उघडलं.

मेलेल्या ड्रायव्हरचं नाव फलाह. बद्दू कुटुंब, वाळवंटात मेंढरं राखणारं, बाप म्हातारा. न्यायाधीश म्हणाले, मुलगा पळाला नसता तर दंडावर भागलं असतं, आता पाच वर्षं. पण मृताच्या बापाने माफी लिहून दिली तर पाच वर्षं टळतील. ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारपर्यंत मुदत. हातात बारा दिवस होते.

"बारा दिवस कशाला?" दुऐज म्हणाला. "किती मागेल तो? लाख? दोन लाख? सबीका, तू रडू नकोस. मी आहे ना!"

मला तेव्हा तो खरंच कुणी तरी वाटला, हेही लिहून ठेवा.

आम्ही आमच्या वस्तीच्या प्रमुखांना, मुख्तारांना, पुढे घालून जहराला गेलो. म्हाताऱ्याचं, अबू फलाहचं, सरकारी चाळीतल्या खोलीसारखं छोटं घर, अंगणात तंबू. पुरुष तंबूत बसले, मी पडद्यामागे बायकांत. माझ्या शेजारी फलाहची आई बसली होती. तिने मला उशी दिली, पाणी दिलं आणि माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

पलीकडे कॉफीचे पेले ठेवले गेले. मुख्तारांनी आपला पेला उचलला नाही. मागणं घेऊन आलेला माणूस मागणं मान्य होईपर्यंत यजमानाची कॉफी पीत नाही. "अबू फलाह," ते म्हणाले, "आम्ही कुठल्या तोंडाने आलोय ते तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. बसा."

मुख्तार आणखी काही तरी मऊ बोलणार होते. तेवढ्यात माझ्या भावाचा आवाज आला. "चाचा, उगाच वेळ कशाला घालवायचा? आकडा सांगा."

मी कपाळावर हात मारला. फलाहच्या आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"बरं, मीच सांगतो," दुऐज म्हणाला आणि चेकबुकातून चेक फाडल्याचा आवाज आला. "पाच लाख. पाच लाख दिनार! एवढे आजवर कुणी कुणाला दिले नसतील. घ्या. तारीख डिसेंबरची आहे, आमच्या बाजारात तसंच चालतं."

"डिसेंबरची?"

"हो."

"माझं पोर जुलैत गेलं," अबू फलाह म्हणाला. "ते नाही थांबलं डिसेंबरपर्यंत." मग पडद्याकडे तोंड करून त्याने हाक मारली, "ती डबी आण गं."

फलाहची आई उठली. कोपऱ्यातल्या पेटीतून तिने चहापत्तीची पत्र्याची डबी काढली आणि पडद्याखालून पलीकडे सरकवली.

"मुख्तार, मला वाचता येत नाही. ह्यावरचं नाव वाचा."

मुख्तारांनी डबीतला चेक काढला. मग त्यांनी वाचलं. साठ हजार दिनार, पंधरा डिसेंबर, सही दुऐजची.

"तुम्ही..." दुऐज चाचरला. "तुम्ही ते मेंढ्यावाले का?"

"ते मेंढ्यावाले."

झालं होतं असं. हिवाळ्यात दुऐजने एक पशुधन कंपनी काढली होती. शेअर विकायला काढायचे तर जाहिरातीत फोटो हवा, आणि फोटोसाठी खऱ्या मेंढ्या हव्यात. एवढी एकच खरी वस्तू त्या कंपनीला लागली. ह्याने अबू फलाहचा सहाशे मेंढ्यांचा कळप उचलला. भाव तीस हजार, डिसेंबरच्या चेकवर साठ. फोटो काढून झाला. चाळीस मेंढ्या उद्घाटनाच्या मेजवानीत भातावर आल्या, त्या जेवणाला मीही होते. बाकीच्या उघड्या वाड्यात सोडून दिल्या, मे महिन्यात पाणी द्यायला माणूस नेमायचं राहून गेलं आणि त्या एकामागून एक मेल्या. माझ्या भावाला मेंढ्या आठवत नव्हत्या. त्या शेअरचा भाव तेवढा त्याला तोंडपाठ होता.

"कळप गेला," अबू फलाह म्हणाला, "तर पोराने करायचं काय? दुसऱ्याचा टँकर रोजावर चालवायला लागला."

माझ्या हातातला पाण्याचा पेला मी खाली ठेवला. कुठे ठेवला तेही मला कळलं नाही.

"ऐक, दुऐज. मला तुझे पाच लाख नकोत. साठही नकोत. मेंढ्यांचे तीस होतात, ते दे. नोटा आण, तुझ्या हाताने माझ्या हातात ठेव, मी माफी लिहून देतो. पोराची किंमत मी लावत नाही. मेंढ्यांची लावतोय."

"एवढंच?" दुऐज म्हणाला. त्याच्या आवाजात हसू होतं, अल्लाची शपथ, मी ऐकलं. "फक्त तीस हजार?"

परतताना गाडीत तो शीळ घालत होता.

पुढचे पाच दिवस त्याचा पत्ता नाही. सहाव्या दिवशी मी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "नोटा."

"अगं, आणतो की."

"आत्ता. मी येते तुझ्याबरोबर."

आधी बँकेत गेलो. मॅनेजरने आम्हाला आत बसवलं, चहा मागवला आणि हळू आवाजात सांगितलं की साहेबांच्या खात्यात चौदाशे दिनार आहेत. मी म्हणाले, चौदाशे हजार का? तो म्हणाला, नाही, नुसते चौदाशे. दुऐजने त्याच्यापुढे चेकची चळत टाकली. लोकांनी ह्याला दिलेले, कोट्यवधींचे. ह्यावर तीस हजार दे, म्हणाला. मॅनेजरने ती चळत दोन बोटांनी मागे सरकवली.

"मग ही गाडी विक," मी बाहेर येऊन म्हणाले.

"ती चेकवर घेतलीय."

"बंगला?"

"तोही."

"तुझ्याकडे कोट्यवधींचे शेअर आहेत ना मेल्या? त्यातले लाखाचे तीस हजाराला विकून टाक! लुटू दे कुणाला तरी."

"तसं नसतं ते, सबीका." तो मला समजावून सांगायला लागला, मला! "मी पडत्या भावात रोखीने विकले, की सगळे विचारणार, दुऐजला रोख कशाला लागली? आणि ते विचारलं गेलं की त्या शेअरचा भाव उद्या निम्मा, परवा शून्य. आणि मी ज्यांना ज्यांना चेक दिलेत ते सगळे एकाच दिवशी बँकेत. म्हणून मी काही विकू शकत नाही."

"म्हणजे तू श्रीमंत आहेस तरी कधीपर्यंत?"

"कुणी मागत नाही तोपर्यंत," तो म्हणाला. आणि हे तो मान ताठ करून म्हणाला! जणू काही मोठी विद्या मला शिकवत होता.

तरी मी त्याला एका मित्राच्या सोन्याच्या पेढीवर नेलं. हा मित्र रोज ह्याच्या दिवाणियात बसून ह्याला 'कुवेतचं भूषण' म्हणायचा. दुऐजने हसत-खेळत तीस हजारांचा विषय काढला. भूषणवाल्याचं तोंड एकदम उतरलं. "रोख? सगळं ठीक आहे ना, दुऐज? चेक देऊ का?" आणि दुऐजने, हे ऐका, तीस हजार रोख मागायला गेलेल्या माझ्या भावाने, सवयीने हात पुढे करून विचारलं, कुठल्या महिन्याचा?

आम्ही दुऐजच्या घरी पोचेपर्यंत तीन फोन येऊन गेले होते. तिघांनीही फक्त तब्येतीची चौकशी केली होती. दुऐज सोफ्यावर बसला. कपाळावरचा घाम त्याने डोक्यावरच्या रुमालाने पुसला.

"सबीका, आणखी एक दार ठोठावलं तर मी संपलो."

"आणि मशारी?"

तो गालिच्याकडे पाहायला लागला. "पाच वर्षं म्हणजे तशी तीनच भरतात," तो म्हणाला. "तरुण आहे तो. बाहेर येईल तेव्हा मी त्याला एक अख्खी कंपनी देतो. लिहून देतो हवं तर."

त्याने खरंच खिशातून पेन काढलं. मी ते त्याच्या हातातून हिसकावून फेकलं. लाज नावाची वस्तू ह्याने कुणाला कधी, कुठल्या तारखेला विकली, देव जाणे. आमच्या बापाने समुद्राच्या तळाशी जाऊन मोती काढले, कान फुटले त्याचे, आणि त्याच्या पोटी हे असं रत्न! मी त्याला हे सगळं तोंडावर म्हणाले. तो म्हणाला, हळू बोल, नोकर ऐकतील.

दुसऱ्या दिवशी मी माझं सोनं विकलं. लग्नातलं सगळं. शाळेच्या पगारातून साठवलेले त्यात घातले, तेव्हा सात हजार दिनार झाले. तेवढे आणि माझा डिसेंबरचा चेक पर्समध्ये घालून मी एकटीच जहराला गेले. मुख्तार नाहीत, कुणी नाही.

ह्या वेळी अबू फलाह आणि त्याची बायको दोघंही माझ्यासमोर बसली. मी नोटा सतरंजीवर ठेवल्या.

"अबू फलाह, हे सात आहेत. तेवीस कमी. माझा भाऊ आणू शकत नाही, त्याच्याकडे नाहीत. त्याच्याकडे काहीच नाही. कधी नव्हतंच." ती चहापत्तीची डबी तिथेच होती, मी माझा चेक काढून तिच्याशेजारी ठेवला. "आणि हा माझा. सख्ख्या बहिणीलाही कागदच दिलाय त्याने. माझ्या मुलाने तुमचा मुलगा मारला. त्याबद्दल मी काय बोलू? मला बोलता येत नाही. पण मी तुमच्याकडे श्रीमंताची बहीण म्हणून आलेले नाही."

म्हाताऱ्याने डबीतला आपला चेक काढला आणि दोन्ही चेक शेजारी धरून पाहिले. वाचता येत नसलं तरी सही सारखीच आहे हे कळत होतं.

"बँकेत नेलास?"

"तारखेआधी कसा नेणार?"

"मी नेला होता," अबू फलाह म्हणाला. "पोराला पुरलं त्याच्या तिसऱ्या दिवशी. तिथल्या साहेबाने मला दारातूनच परत पाठवलं. म्हणाला, म्हाताऱ्या, तुला रीत कळत नाही, डिसेंबरात ये. बद्दू आहे ना मी! मला कुठून कळणार." तो पुढे झुकला. "पण तू शिकलेली आहेस. मोठ्या घरची आहेस. त्याची बहीण आहेस. तुला कोण दारातून परत पाठवेल?"

मी माझ्या चेकवरची तारीख पुन्हा वाचली.

"हे सात उचल," तो म्हणाला. "उद्या माझ्याबरोबर बँकेत चल. आधी तू तुझा चेक दे, मग मी माझा देतो. बँकेने त्यावर काय लिहायचं ते लिहू दे. त्यानंतर तिथेच मी माफीवर अंगठा करतो."

"ते चेक परत आले तर माझा भाऊ तुरुंगात जाईल."

"हो," फलाहची आई म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "तुझ्या घरातला एक जण जाईल. कुठला ते तू ठरव. मला कुणी विचारलं नव्हतं."

घरी येताना मी दोनदा गाडी कडेला उभी केली. हाताखाली वाढवलेला भाऊ आहे हो तो. त्याच्या वह्यांना मी कव्हरं घातली आहेत. पण मग तो गालिचा आठवायचा, आणि ते 'तशी तीनच भरतात'.

सकाळी बँक उघडताच आम्ही खिडकीपाशी होतो. खिडकीत नसीमा, माझीच विद्यार्थिनी. तिने चेक पाहिला आणि तिचे कान लाल झाले.

"बाई, ह्याच्यावर डिसेंबरची तारीख आहे."

"वाचता येतं मला. कायदा काय म्हणतो?"

"दाखवाल त्या दिवशी द्यायचे." ती कुजबुजली. "पण बाई, असं कुणी करत नाही. ही सही तुमच्या भावाची आहे. त्यांना एक फोन करू?"

"नसीमा, तू गणितात कच्ची होतीस, पण मन लावून काम करायचीस. फोन नको, काम कर."

मागे रांगेतल्या पुरुषांनी माना उंचावल्या. त्यातला एक जण रांग सोडून सरळ रस्त्यावर धावत सुटला. नसीमाने माझ्या चेकवर शिक्का मारला, खात्यात शिल्लक नाही. मग अबू फलाहने आपली डबी उघडून खिडकीवर ठेवली. ह्या वेळी त्याला कुणी परत पाठवलं नाही. त्याच्याही चेकवर शिक्का बसला.

"किती आले?" त्याने मला विचारलं.

"काही नाही, अबू फलाह."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "पण मोठ्या लोकांच्या समोर एकदा ऐकायचं होतं." त्याने माफीच्या कागदावर अंगठा उमटवला आणि बोट आपल्या अंगरख्याला पुसलं.

दुपारपर्यंत सगळ्या बँकांपुढे रांगा लागल्या. ज्यांनी वर्षभर शिष्टाचार पाळला होता ते भल्या घरचे लोक कोपराने एकमेकांना ढकलत होते. भूषणवाला सगळ्यांत पुढे होता म्हणे. आठवड्यात तो बाजार बसला, तो पुन्हा उठला नाही. मला कुणी कुणी घरबुडवी म्हणालं. मी म्हणाले, घर होतंच कुठे?

मशारी मंगळवारी सुटला. दुऐजला गुरुवारी उचललं. शनिवारी ठाण्यातून फोन आला, त्याचाच.

"सबीका, जामीन मिळतोय. पाच हजार फक्त! ह्यांना सांगितलं मी, माझी मालमत्ता अब्जात आहे. हे हसतात गं. इथे पंखाही नाही. तुझ्याकडे सोन्याचे सात आहेत ना? मला माहीत आहे, तू विकलंस. पाठव."

मी फोन ठेवून दिला. मशारी दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं. "आई, मामाला सोडवू या ना. पैसे तर आहेत."

"आहेत," मी म्हणाले. पर्स काढली, नोटा तिच्यात भरल्या. "सातात किती मेंढ्या येतात, सांग."

त्याला सांगता आलं नाही. मी सांगितलं, एकशेचाळीस. मग गाडीच्या किल्ल्या घेतल्या. त्याने हात पुढे केला नाही, तो आता चालवायला घाबरतो.

"शेजारी बस. मी चालवते," मी म्हणाले. "आधी मेंढ्यांचा बाजार, मग जहरा. मेंढ्या तू तुझ्या हाताने त्यांच्या अंगणात उतरवायच्या. आणि फलाहची आई तुझ्याकडे पाहील तेव्हा मान खाली घालून पळायचं नाही."